दोर धरायचं काम

२००६ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. म्हणजे दाखल्यावर. दाखल्यावरची तारीख मास्तरांनी अंदाजाने घातली होती आणि तिसरीनंतर मी त्या शाळेची पायरी चढलो नाही, त्यामुळे तो अंदाज तसाच राहिला.

माझं आयुष्य पुलांच्या कामावर गेलं. लोखंडी गर्डर साखळी-कप्पीने उचलायचे आणि खांबांवर नेऊन बसवायचे, हे आमच्या टोळीचं काम. दोर, साखळी, गाठ एवढ्यावर पोट भरलं. ओझं वर असताना गाठ सुटली तर खाली उभा असलेला माणूस उरत नाही. तीस वर्षांत माझी गाठ सुटली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सुटली असती तर कुणीतरी दुसऱ्याने सांगितलं असतं.

त्या उन्हाळ्यात मी तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला होतो. बायको आधीच वारली होती. दोन वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला होता आणि डावी बाजू गेली होती. पाय ओढत दहा-वीस पावलं काठीवर जायचो. डावा हात खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा लोंबायचा. मुलाने दुकानातून भाड्याने एक चाकांची खुर्ची आणून ठेवली होती. ती मी उघडू दिली नाही. ती मिटलेली भिंतीला टेकून उभी असायची आणि तिच्यावर मी माझा टॉवेल वाळत घालायचो.

सदऱ्याची पाच बटणं लावायला मला अर्धा तास लागे. सून खोलीच्या दाराबाहेर उभी राही. तिची सावली मला दाराखालच्या फटीत दिसे. आत येत नसे, कारण पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, "बोलावलं तर ये." आणि मी बोलावलं नाही.

सून पुण्याची, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. तिच्याकडे कपडे वाळत घालायला एक घडीची जाळी होती. चार पँटी टाकल्या की वाकायची. एका दुपारी घरात कुणी नसताना मी बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर बांधला. एक हात आणि दात, एवढं पुरलं. दोर असा ताणला की त्यावर गादीसुद्धा वाळत घालता आली असती.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई वर आली. माझ्याच वयाची असेल. पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, पायात जाड तळव्याचे बूट. थेट बाल्कनीत गेली, दोराकडे बोट केलं आणि बोलायला लागली.

"काय म्हणते?" मी सुनेला विचारलं.

"बाबा, त्या म्हणतायत बाहेरून कपडे दिसता कामा नयेत. बिल्डिंगच्या नियमांत लिहिलंय."

"सांग तिला, धुतलेले आहेत."

सुनेने काय सांगितलं कोण जाणे. बाई दोर सोडायला पुढे झाली. गाठीला हात घातला, नख घातलं, मग डोळ्याजवळ घेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली.

"विचारतायत, ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"एका हाताने?"

"दुसरा दिसतोय का तिला कुठं?"

हे सुनेने सांगितलं नसावं, कारण बाई हसली नाही. ती तिथेच उभी राहून सुनेशी खूप बोलली. मध्ये मध्ये "आल्झो" म्हणायची, म्हणजे आपल्याकडे "तर काय झालं" म्हणतात तसं. ती गेल्यावर सून शब्द जपून बोलायला लागली. जपून बोलणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो.

"बाबा, त्यांची एक बोट आहे. म्हणजे त्यांची नाही, चार-पाच रिटायर लोक मिळून चालवतात. पगार कुणी घेत नाही. शनिवारी कालव्यावरून फिरवून आणतात, ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, अशा लोकांना."

"मग मला कशाला सांगतेस?"

"त्यांना दोराला माणूस हवाय."

हे त्या बाईने म्हटलं होतं की सुनेने पदरचं घातलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही. मी विचारलं नाही. फुकट राबणाऱ्या माणसांवर माझा फारसा विश्वास नाही. पगार घेणाऱ्याला त्याची चूक दाखवता येते, फुकट राबणाऱ्याचे उलट आभार मानावे लागतात. पण दोराला माणूस हवा असेल तर ती गोष्ट वेगळी. दोन वर्षांत मला कुणी कामाला बोलावलं नव्हतं. बरं वाटतंय का, एवढंच विचारत होते.

शनिवारी मुलगा कंपनीच्या कामाला स्टुटगार्टला गेला होता. सून आणि मी गेलो. मी जुनी खाकी पँट घातली होती, कामाची. तिने ती पाहिली.

कालवा म्हणजे मला आपल्याकडचा पाटाचा कालवा माहीत. पाणी बंद केलं की तळाशी चपला दिसतात. हा कालवा नदीसारखा होता. अलीकडे गाव, पलीकडे मोटारींचा कारखाना, त्याची चार धुराडी, आणि मधून लोखंडाचं भंगार भरलेली लांबलचक जहाजं अगदी शांतपणे जात होती. बोट पांढरी, बसकी, वर छप्पर, पुढे-मागे उघडी. काठावरून तिच्यात जायला एक लोखंडी पाळणा होता, खुर्चीसकट माणूस उचलून आत ठेवणारा.

खालची बाई टोपी घालून उभी होती. ती कप्तान. तिच्या हाताखाली एक मिशीवाला होता, रिटायर पोस्टमन. त्याने माझ्यासमोर एक चाकांची खुर्ची आणून ठेवली.

"मी पायाने चढतो," मी म्हणालो.

सुनेने विचारून सांगितलं, "पाय ओढणाऱ्यांना पाळण्यातूनच घेतात, बाबा. खुर्चीत बसून. त्यांचा नियम आहे."

"तिला सांग, मी दोरावरचा माणूस आहे. फिरायला नाही आलो."

"त्या म्हणतायत, दोरावरचा माणूस पाण्यात पडला तर दोर कोण धरणार?"

मी काठी रोवून उभा राहिलो. मागे सहा खुर्च्या थांबल्या होत्या. आतून, बोटीच्या नाकावरून, एक म्हातारा मोठ्याने काहीतरी ओरडला आणि सगळे हसले. काळा चष्मा, हातात घंटेची दोरी.

"काय म्हणाला?"

सूनही हसत होती. "म्हणतायत, बसा खुशाल. मला तर काही दिसत नाही, मी कुणाला सांगणार नाही."

मी बसलो. पण ढकलू देणार नव्हतो. एका हाताने एक चाक फिरवलं. एका हाताने एक चाक फिरवलं तर खुर्ची जागच्या जागी गोल फिरते, हे मला ठाऊक असायला हवं होतं, उभा जन्म कप्प्या फिरवल्या. दोनदा माझं तोंड कारखान्याकडे झालं आणि दोनदा गावाकडे. तिसऱ्या वेळी मिशीवाल्याने मागून एक बोट लावलं. फक्त एक बोट. खुर्ची सरळ गेली. ते बोट मला कळलं नाही असं मी दाखवलं.

पाळण्याने मला उचललं. साखळीला तेल होतं, कड्या चांगल्या होत्या. मी शेकडो ओझी वर चढवली. त्यांना काय वाटत असेल असा विचार करायचं तेव्हा कारण नव्हतं.

त्या बोटीची एक रीत होती. चढलेल्या प्रत्येकाला काहीतरी काम. नुसतं बसायचं नाही. आंधळ्याकडे घंटा. पुलाखालून जाताना कप्तानबाई हाक मारी आणि तो वाजवी. पाय नसलेली एक जाडजूड बाई कॉफी ओतायची, तिचा एक थेंब बशीत पडत नसे. जिला बोलता येत नव्हतं अशी एक तरुणी मांडीवर नकाशा घेऊन पुढचा पूल कुठला ते बोटाने दाखवी. कामं खोटी नव्हती, हे मी पहिल्या तासात तपासून घेतलं. घंटा वाजली नाही तर समोरचं जहाज थांबत नाही. मला मागचा दोर दिला. बोटाएवढा जाड, पांढरा, तीन पिळांचा.

"दोर बांधायचा नाही, बाबा," सुनेने मिशीवाल्याचं म्हणणं सांगितलं. "नुसता धरायचा. बोट हलेल तसा सोडायचा किंवा ओढायचा. बांधायचा मात्र नाही."

"कळलं. एकदा सांगितलं की कळतं."

गावाच्या पश्चिमेला काही मैलांवर तो कालवा तीन मजले वर चढतो. पाणी चढतं कसं, तर दोन्हीकडे दारं असलेला एक मोठा हौद आहे. त्याला ते लोक श्लॉयझे म्हणतात. बोट हौदात शिरली की मागचं दार लागतं, पाणी भरतं, बोट वर येते, पुढचं दार उघडतं. भिंतीत थोड्या थोड्या उंचीवर कोनाडे आणि त्यांत लोखंडी खुंटे. खुंट्याला दोराचा वेढा घालून बोट भिंतीशी धरून ठेवायची. मिशीवाला पुढचा दोर सांभाळे, आणि खुंटा बदलायची वेळ आली की मागे येऊन माझाही वेढा पुढच्या खुंट्यावर टाके. माझं काम टोक धरायचं.

वर जाताना काही कठीण नव्हतं. पाणी बोटीला उचलतं, दोर आपोआप सैल पडतो, तो ओढून घ्यायचा. लहान पोरानेही केलं असतं. मला वाटलं, एवढ्यासाठी इतकं सांगितलं? वरच्या कालव्यात थोडं गेलो, झाडाखाली थांबून केक खाल्ला. कप्तानबाईने येऊन माझ्या दोराचं वेटोळं पाहिलं आणि मान हलवली. सून म्हणाली, "बाबा, त्यांना आवडलं." मी म्हणालो, "दोर असाच ठेवतात." पण मला बरं वाटलं. केकचा दुसरा तुकडाही घेतला.

परत येताना खाली उतरायचं होतं. खाली उतरताना पाणी पायाखालून जातं आणि बोट दोराला लटकू पाहते. दोर सारखा सोडत राहावा लागतो, पण सगळा सोडायचा नाही, नाहीतर मागची बाजू भिंतीपासून निघते. पहिला खुंटा झाला. दुसरा झाला. सून आत कप धूत होती. तिसऱ्या खुंट्याला वेढा टाकून मिशीवाला पुढे गेला आणि माझी बोटं उघडायला लागली. मी त्यांना मिटायला सांगत होतो, ती उघडत होती. एकच हात, दोन वर्षं काम नाही, ओला दोर.

मिशीवाला आठ पावलांवर होता. हाक मारायला जर्मन यायची गरज नव्हती. नुसतं "ए" म्हटलं असतं तरी तो आला असता. पण "ए" म्हटलं की दोर त्याच्या हातात गेला असता आणि मी खुर्चीतला सातवा झालो असतो.

मी दोराचं टोक दातांत धरलं. बोटीवरच्या खुंट्याला एक वेढा, दुसरा वेढा, टोक आतून बाहेर. एक श्वासभर वेळ लागला. मग हात मांडीवर ठेवला आणि बोटं चोळली.

दोर ताणला. आधी त्यातून पाणी निथळलं, मग तो करकरला. मग माझ्या बाजूची कड खाली जायची थांबली आणि पलीकडची जात राहिली. आतून कप फुटल्याचा आवाज आला. खुर्च्या पट्ट्यांनी जमिनीला बांधलेल्या होत्या, त्या जागेवर राहिल्या, पण त्यांतली माणसं कलली. नकाशेवाल्या पोरीचा नकाशा घसरत पाण्यात गेला. कप्तानबाई पुढून एक शब्द ओरडली आणि वायरलेसवर तोच शब्द पुन्हा ओरडली. हौदाची दारं चालवणाऱ्या, वरच्या मनोऱ्यातल्या माणसाने पाणी थांबवलं असेल, पण हौदाला थांबायला वेळ लागतो.

मी गाठ सोडवायला गेलो. ताणावर माझी गाठ सुटत नाही. तीस वर्षं मी त्याचाच पगार घेतला.

मिशीवाला धावत आला. छपराच्या खांबाला लाल दांड्याची कुऱ्हाड अडकवलेली होती, ती त्याने काढली आणि दोन घावांत दोर तोडला. बोट धप्पकन सरळ झाली, दोनदा हलली, स्थिर झाली. लागलं कुणाला नाही. केक सांडला.

मनोऱ्यातून कर्ण्यावर कुणीतरी रागाने बोललं. मिशीवाल्याने वर पाहून स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दोन-तीन शब्द बोलला. ते मला सुनेने सांगायची गरज नव्हती. माझी चूक, म्हणत होता. कप्तानबाई मागे आली. तिने खुंट्याकडे पाहिलं. तिथे हातभर दोर आणि माझी गाठ होती. मग माझ्याकडे पाहिलं आणि परत सुकाणूच्या चाकाकडे गेली.

उरलेलं उतरणं मिशीवाल्याने दुसरा दोर आणून एकट्याने केलं, पुढे-मागे धावत. मला आंधळ्याशेजारी नेऊन ठेवलं. ठेवलं, हाच शब्द बरोबर आहे. सून जवळ येऊन बसली. आंधळा तिला काहीतरी बोलला.

"म्हणतायत, बारा वर्षं मी या बोटीवर घंटा वाजवतोय. काहीतरी घडलं ते आज पहिल्यांदा."

धक्क्यापर्यंत कुणीच मला काही बोललं नाही. कुणी रागावलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

धक्क्यावर पाळण्याने मला खाली ठेवलं. कप्तानबाई काठावर उभी राहून उतरणाऱ्यांशी हात मिळवत होती.

"सूनबाई, तिला सांग. दोर अडकला नव्हता. मी बांधला. हात थकला होता आणि ते मला सांगायचं नव्हतं. त्या मिशीवाल्याचा काही दोष नाही."

सून जर्मनमध्ये बोलली. चार शब्द.

"एवढंच?"

"सांगितलं, बाबा."

"मी एवढं लांब बोललो आणि तू तेवढ्यात उरकलंस? हाताचंही सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सांगितलं. या वेळी बरोबर लांब झालं. मिशीवाला ऐकत होता. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि खुर्च्यांचे पट्टे गुंडाळत राहिला.

"गेनाऊ," कप्तानबाई म्हणाली. बरोबर, म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. ती आत गेली आणि दोराचे दोन तुकडे घेऊन आली. एकाला माझी गाठ तशीच होती. दोन्ही माझ्या मांडीवर टाकले आणि बोलली.

"बाबा, त्या म्हणतायत ही गाठ त्यांना अजून सुटली नाही. आणि विचारतायत, तुम्हाला दोर जोडता येतो का?"

"विचार तिला, गाठीने की सांध्याने?"

विचारून झालं. "गाठ चालणार नाही म्हणतायत. खुंट्यावर अडकते."

"मग सांधा. सांधा विणायचा."

"पुढच्या शनिवारी बोट आहे. म्हणतायत, जो दोर जोडून आणेल तो मागचा दोर धरेल. नाही आणला तर दुकानातून नवा आणतील आणि तो मिशीवाले काका धरतील." सून पुढे म्हणाली, "आणि म्हणतायत, तुम्ही तसे आलात तरी चालेल, फिरायला."

"फिरायला नाही," मी म्हणालो. "चल."

घरी आल्यावर मी दार लावून बसलो. गाठ सुटली, लाकडी चमच्याचा दांडा घालून, पाव तासात. सांध्याचं जमेना. दोन्ही टोकांचे तीन तीन पीळ उकलायचे, बोटांत बोटं घालावीत तसे एकमेकांत बसवायचे, आणि ते बसवलेलं घट्ट धरून ठेवून एकेक पीळ समोरच्या दोराच्या पोटातून काढायचा. धरून ठेवायला एक हात आणि काढायला एक. मी गुडघ्याखाली दाबून पाहिलं. कपाटाच्या खणात चिमटून पाहिलं. दातांत धरून पाहिलं, कवळी हलली. हा दोर आपल्या तागाच्या दोरासारखा नव्हता. गुळगुळीत, सोडला की सगळे पीळ फुलासारखे उघडायचे. आठ वेळा केलं, आठ वेळा उघडले. दाराखाली सुनेची सावली आली, थांबली, गेली. जेवायला बोलावलं तेव्हा गेलो. ती विचारणार नव्हती आणि मी सांगणार नव्हतो. पिठलं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठलो, तोंड धुतलं, सदरा घातला, चार बटणं लावली आणि पाचवं राहू दिलं. पलंगावर बसून दोन्ही टोकांचे पीळ पुन्हा एकमेकांत बसवले. सावली दाराखाली होती.

"सूनबाई."

दार लगेच उघडलं.

"इकडे ये. हे इथं धर. दोन्ही हातांनी. मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"असं?"

"थोडं वर. हां."

"बाबा, बोटं दुखतात की हो."

"दुखायचीच. घट्ट धर," मी म्हणालो, चमच्याचा दांडा दोराच्या पोटात घातला आणि पहिला पीळ पलीकडे काढला.